आईच्या नावाचा रकाना

१२ जानेवारी

वहिनी,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. फोन कापता येतो, पत्र फाडायला तरी आधी हातात घ्यावं लागतं. फाडणार असाल तर फाडा, पण आत टाचलेला कागद तेवढा आधी काढून घ्या.

तुमचा माझ्यावर राग आहे हे मला माहीत आहे. माझाही तुमच्यावर आहे. तेव्हा कुशलमंगल राहू दे, कामाचं सांगते.

मुंगीचे कागद इथल्या ऑफिसात अडकलेत. तिच्या शाळेच्या दाखल्यावर आईच्या नावाच्या रकान्यात तुमचं नाव आहे आणि जन्माच्या दाखल्यावर माझं. खिडकीवरच्या बाईने दोन्ही दाखले शेजारी शेजारी मांडले, दोन्हींवरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, एका मुलीला दोन आया कशा? मी म्हटलं, आमच्याकडे असतात. ती हसली नाही. खिडकीवर बसणाऱ्यांना इथे हसायची परवानगी नसावी.

आता हा घोळ घातला कुणी? मीच. आठवतंय ना, आम्ही निघायच्या आधीच्या आठवड्यात बालवर्गाचा फॉर्म आणला होता. शाळेच्या मोठ्या बाईंनी सांगितलं होतं, जे इथे राहणार, सह्या करायला येणार, त्यांचीच नावं घाला. हे जरा कां कूं करत होते. मी ह्यांच्या हातातून पेन ओढून घेतलं. म्हटलं, अहो, घर एकच ना आपलं? कुणाचं का नाव असेना, सहा महिन्यांचा तर प्रश्न! वडिलांच्या रकान्यात भाऊजींचं नाव लिहिलं, आईच्या रकान्यात तुमचं. माझ्याच अक्षरात. भाऊजी म्हणाले, चला, फुकटात बाप झालो. सगळे हसले. तुम्ही पाणी आणते म्हणून आत गेलात आणि बराच वेळ बाहेर आला नाहीत.

सहा महिन्यांची साडेतीन वर्षं झाली. मुंगी चार वर्षांची होती, आता साडेसात.

तर, टाचलेल्या कागदावर एवढंच आहे की तुम्ही तिच्या आई नसून चुलती आहात, आणि शाळेत नाव सोयीसाठी लावलं होतं. तिथल्या एखाद्या वकिलासमोर सही करायची. कुठे करायची तिथे मी पेन्सिलीने फुली मारली आहे. एक सही. बाकी काही मागत नाही.

तुमची धाकटी जाऊ

९ फेब्रुवारी

वहिनी,

महिना होत आला. पत्र पोचलं असणार, कारण भाऊजींनी ह्यांना फोनवर विचारलं, तुमच्याकडे थंडी किती आहे? थंडीचं मी पत्रात एक अक्षर लिहिलं नव्हतं. विषय बदलायचा असला की भाऊजी हवामानावर येतात, हे मला लग्न झाल्यापासून ठाऊक आहे.

म्हटलं, बाईला आपण नुसता कागद धाडला, घरचं काही लिहिलं नाही, म्हणून रुसली असेल. तर ऐका.

आम्ही नव्या जागेत आलो. दोन खोल्या आहेत, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाठ दिसते, नळ्याच नळ्या. पहिल्या वर्षी होतो ती खोली एकच होती, आणि संडास चार बिऱ्हाडांत. आता सगळं आमचं आहे. आतल्या खोलीत मुंगीची कॉट लावून ठेवली आहे. त्यावर सध्या वाळलेले कपडे असतात, पण कॉट तिची आहे. खालच्या मजल्यावर एक म्हातारा राहतो. आमच्या चालण्याचा त्याला त्रास होतो, म्हणून तो झाडूच्या दांड्याने छताला ठोकतो. आम्ही दोघं आमच्याच घरात चोरासारखे चालतो. मुंगी आली की उड्या मारेल. मग बघू म्हातारा किती ठोकतो ते.

माझं काम दवाखान्याच्या चादरींचं. धुलाई दुसरीकडे होते, आमच्याकडे इस्त्री. मशीन आपल्या स्वयंपाकघराएवढं आहे. एकीकडून ओली चादर घालायची, दुसरीकडून कडकडीत बाहेर येते, ती दोघींनी पकडून घडी करायची. माझी जोडीदारीण माझ्यापेक्षा हातभर उंच आहे. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची. तीन वर्षांत आम्ही दोघी एक वाक्य धड बोललो नाही, पण चादरीच्या चार टोकांना आमचे चार हात बरोबर पोचतात. आपण दोघी गच्चीवर सतरंज्या झटकायचो तसं. फक्त तेव्हा आपली तोंडं बंद नसायची.

बाकी इथे मी बरीच शहाणी झाले आहे. कुणी माझ्या पायावर पाय दिला तर मीच माफी मागते. कचरा तीन डब्यांत वेगळा करते. दुकानात भाव करत नाही, गुपचूप घेते आणि बाहेर येऊन एकटीच बडबडते. दिवसभर आपल्या भाषेत बोलायला कुणी नसतं. हे गाडीवर माल पोचवून घरी येतात तेव्हा पाठ धरून आडवे होतात, त्यांच्याशी काय बोलणार? मग मी मशीनशी बोलते. मशीन ऐकतं बिचारं.

कामावरून येताना शाळा सुटलेली असते. फाटकाशी आया उभ्या असतात. मी रस्ता बदलून जात नाही. मुद्दाम तिथूनच जाते.

एवढी वर्षं कागदच मिळत नव्हते, नाहीतर मी तिला केव्हाच आणली असती. आता मिळायला आलेत तर तुमची सही अडून बसली आहे. वहिनी, मुंगी किती उंच झाली? निदान ते तरी कळवा. तिला कपडे घ्यायला गेले की दुकानदारीण वय विचारते, मी सांगते, मग ती विचारते, अंगाने कशी आहे? मी हातातला फ्रॉक परत ठेवते.

धाकटी

२ मार्च

वहिनी,

आज भाऊजींनी सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण ह्यांनी खनपटीला बसून काढून घेतलं.

म्हणे मुंगी जायचं नाही म्हणते. माझं नाव काढलं की पलंगाखाली जाऊन बसते. आणि तुम्हाला आई म्हणते. पूर्वी मोठी आई म्हणायची, ते मीच शिकवलं होतं. त्यातलं मोठी कधी गळलं? आणि तुम्ही ओ दिलीत? एकदा तरी म्हणालात का, बाळा, मी तुझी आई नाही, तुझी आई तिकडे चादरींच्या घड्या घालते आहे?

फोनचंही कळलं. माझा फोन येऊन गेला की पोर दोन दिवस जेवत नाही, म्हणून तुम्ही फोन बंद केलेत. वा! म्हणजे मी माझ्याच पोरीला बाधते. दृष्टच काढा की माझी.

आता स्पष्टच लिहिते. तुम्हाला झाली नाहीत, म्हणून तुम्ही माझी घेऊन बसलात. ज्या बाईची कूस उजवली नाही तिच्या हाती पोर देऊ नये असं माझी आई म्हणायची. मी तिला वेड्यात काढलं होतं. ती शहाणी होती, वेडी मी.

सही करायची नसेल तर करू नका. वकिलाची नोटीस येईल. मग पोलिसांसमोर सांगा आई कोण ते.

३ मार्च

वहिनी,

हे पत्र आधी मिळालं तर कालचं उघडू नका. चुलीत घाला. आणि कालचं आधी मिळालं असेल, तर मला काय बोलायचंय ते बोला, पण हे वाचा.

काल पत्र टपालपेटीत टाकलं आणि घरी येऊन चहा ठेवला. पाणी उकळायच्या आत गॅस बंद केला. तशीच पळत पेटीपाशी गेले. पेटीत हात घातला, कोपरापर्यंत गेला आणि अडकला. भर दुपारी, भर रस्त्यात, पेटीच्या तोंडात हात अडकलेली बाई! एका माणसाने विचारलं, मदत हवी का? मी नको म्हटलं. काय सांगणार त्याला? हात सोलून निघाला. मग पत्रं गोळा करणारा येईपर्यंत तिथेच उभी राहिले. त्याला हाता-पाया पडून सांगितलं, ते माझंच पत्र आहे, माझंच अक्षर आहे, परत द्या. तो म्हणाला, पेटीत पडलं ते पडलं, आता ते ज्याच्या नावाचं त्याचं. माणूस वाईट नव्हता. नियमच तसा आहे.

वहिनी, तुमच्या दोन्ही वेळेला दवाखान्यात तुमच्याजवळ मी होते. दुसऱ्या वेळी तुम्ही माझा हात असा धरला होतात की माझी बांगडी पिचली. डॉक्टरीणबाई बाहेर गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, तू रडू नकोस, तुला दिवस गेलेत. स्वतःचं ते तसं झालेलं असताना. ती मुंगीच होती ना माझ्या पोटात?

हे सगळं मला माहीत आहे आणि तरी मी ते लिहिलं. जीभ जळो माझी. नोटीस वगैरे काही नाही. कुठला वकील आणि कसलं काय! सही करा, नका करू, पण मी ते लिहिलं हे विसरा. विसरता नाही येणार. माझ्याच्याने विसरवलं नसतं.

तुमचीच

२० एप्रिल

वहिनी,

तुमचं पाकीट आलं. सही केलीत.

तुम्ही सही नेहमी झरझर करता, शेवटचं अक्षर कुणाला वाचता येत नाही. ह्या कागदावर एक एक अक्षर सुटं आहे, पाटीवर गिरवल्यासारखं. ते मी किती वेळ बघत होते. पत्र असेल म्हणून पाकीट उलटं करून झटकलं. पत्र नव्हतं, वहीचं पान होतं. मला वाटलं शिव्या असतील. शिव्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या पानावर तुम्ही मुंगीचं सगळं लिहिलंय. उजव्या कुशीवर झोपते, डाव्या केलं तर दचकते. दुधावर सायीचा तुकडा दिसला तर पूर्ण पेला टाकून देते, म्हणून गाळून द्यावं. खोकला झाला की छातीत जातो, वाट बघू नये. केस विंचरताना गोष्ट सांगावी लागते, नाहीतर मान हलवते. साखरेचा डबा आता लपवावा लागत नाही, ती सवय गेली. पाढे अकरापर्यंत येतात, नवाच्या पाढ्यात अडखळते, ओरडू नये. शाळेत एका मुलीशी भांडण आहे, त्याबद्दल विचारू नये, आपण होऊन सांगते.

साखरेचा डबा लपवावा लागत नाही. त्या डब्यावरून तर मी तिचं नाव मुंगी ठेवलं. ती सवय गेली आणि मी इथे हाक मारते मुंगी मुंगी म्हणून. कामावर ते पान खिशात घेऊन गेले. जेवणाच्या सुट्टीत काढून वाचलं आणि भरल्या खोलीत भोकाड पसरलं. माझ्या जोडीदारणीने पाण्याचा पेला आणून ठेवला आणि दुपारभर माझ्या वाट्याच्या चादरीही ओढल्या.

तुम्ही एवढं खरं दिलंत, तर मी खोटं ठेवून चालणार नाही.

फेब्रुवारीत मी लिहिलं, एवढी वर्षं कागद मिळत नव्हते. ते खोटं. पहिलं वर्ष संपता संपता मुंगीची परवानगी आली होती. तेव्हा शाळेचा दाखला मागतही नव्हते. सहा महिन्यांत तिला आणायचं होतं, नाहीतर परवानगी रद्द. मी कागद कपड्यांच्या खणात तळाशी ठेवला. ह्यांना म्हटलं, एका खोलीत कुठे ठेवायची, माझी पाळी पहाटे पाचची, तिला कोण बघणार? ह्यांनी ऐकलं. तुम्हाला आम्ही कळवलंच नाही.

ती कारणं खरी होती. पण तेवढीच नव्हती. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटत होतं. लग्नाआधी घरी सहा भावंडं, लग्नानंतर आपलं भरलं घर, मग बाळंतपण. जन्मात पहिल्यांदा मी कामावरून सुटल्यावर एकटी चालत घरी यायचे आणि कुणी माझी वाट बघत नसायचं. रविवारी हे झोपलेले असायचे आणि मी नुसती खिडकीत बसायचे. चहा गार होईपर्यंत. मला ते आवडायला लागलं होतं, वहिनी. मनाला म्हणायचे, आणखी थोडे दिवस, पोरगी काय, आपल्याच घरात आहे, वहिनी तिला फुलासारखी ठेवतात. थोडे थोडे दिवस म्हणत सहा महिने संपले. परवानगी रद्द झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी मी रडले, पण खरं सांगायचं तर पहिल्यांदा हुश्श झालं.

मग नवीन नियम आले, दाखले मागायला लागले, आणि तोवर ती सुटकाही अंगावर यायला लागली होती. आता त्या खिडकीत बसवत नाही.

हे सुटकेचं ह्यांनाही मी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं. ज्या वर्षी तिने तुमच्या नावातलं मोठी गाळलं, ते वर्ष तेच असणार.

कागद ऑफिसात दिला आहे. आता एकच राहिलं. मे महिन्यात तिथल्या ऑफिसात मुंगीला बोलावतील, आम्ही इथल्या ऑफिसात, मधे टीव्हीसारखा पडदा. तिला दोन-चार प्रश्न विचारतील. काय बोलायचं ते तिला तुम्हीच शिकवा. माझं ती ऐकणार नाही.

१६ मे

वहिनी,

परवा पडद्याच्या त्या बाजूचं तुम्ही सगळं पाहिलंत. ह्या बाजूला काय झालं ते तुम्हाला कळलं नाही, म्हणून लिहिते. निरोप मिळाला असेलच की अर्ज बंद झाला. तुम्हाला वाटलं असेल की तुमच्या शिकवण्यात काही कमी पडलं. तुम्ही स्वतःला बोल लावत बसाल, मी ओळखते तुम्हाला.

खोली लहान होती. टेबलापलीकडे साहेबीण, माझ्या उजवीकडे हे, डावीकडे दुभाष्या. आपल्याच भाषेचा माणूस, टाय सैल केलेला, सकाळपासून बोलून बोलून घसा बसलेला. पडदा उजळला आणि मुंगी दिसली. किती उंच झाली हो! पुढचे दोन दात मोठे आलेत. दोन वेण्या, निळा फ्रॉक. मला बघून तिने हात जोडून नमस्कार केला. घरी आलेल्या पाहुण्यांना करायला लावतो, तसा. पडद्याच्या कडेला तुमच्या पदराचं टोक दिसत होतं.

साहेबिणीने विचारलं, तुझी आई कोण? आणि पोरीने धडाधडा म्हणून दाखवलं. माझी आई परदेशात असते, तिचं नाव हे, वडिलांचं नाव हे, मी ज्यांच्याकडे राहते त्या माझ्या चुलती आहेत. चुलती! तिने तो शब्द जन्मात कधी ऐकला नसेल. तुम्ही तो माझ्याच कागदावरून घेऊन तिला पाठ करवला असणार. एक चूक नाही. साहेबीण मान डोलावत लिहीत होती. ह्यांनी टेबलाखाली माझा हात दाबला. झालंच होतं, वहिनी.

मग मुंगी कडेला वळली आणि म्हणाली, "आई, बरोबर म्हटलं ना?"

तुमच्या पदराचं टोक गपकन मागे गेलं.

साहेबिणीने मान वर करून विचारलं, ती आता काय म्हणाली? दुभाष्याने माझ्याकडे पाहिलं. मग समोर बघत, अगदी हळू, आपल्या भाषेत म्हणाला, "बाई, बरोबर म्हटलं ना, एवढंच सांगतो. पहिला शब्द सोडून देतो. ह्यांना काय कळतंय?" भला माणूस. त्यालाही पोरं असतील.

मी लगेच नको म्हटलं असं समजू नका. माझ्या ओठांवर हो आलं होतं. एवढासा शब्द, तो गाळला की पोर माझी. पण पडद्यावर ती अजून कडेलाच बघत होती. तुम्ही काहीतरी म्हणावं म्हणून थांबली होती. तुम्ही भीतीने गप्प होतात, आणि ती रडकुंडीला आली होती. तिला कळेना, आपण सगळं नीट म्हटलं आणि तरी आई का बोलत नाही. मी तिथे समोरच होते, चांगली हातभर मोठी दिसत असणार पडद्यावर. तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मी म्हटलं, "जसं म्हणाली तसं सांगा. सगळं."

त्याने सांगितलं. साहेबिणीने पेन खाली ठेवलं. विचारलं, हे ती कुणाला म्हणाली?

मी म्हटलं, तिच्या आईला.

ती बाई फाइल चाळत राहिली. मग म्हणाली, मुलगी तयार असेल तेव्हा पुन्हा अर्ज करता येईल. फाइल मिटली. तिकडे पडदा बंद झाला तेव्हा तुम्ही तिला जवळ घेतलंत का? घेतलंच असेल.

हे घरी येईपर्यंत माझ्यापुढे दहा पावलं चालत होते. जिन्यात आल्यावर मटकन पायरीवर बसले. म्हणाले, तू एका वाक्यात पोर घालवलीस. मी म्हटलं, वाक्यात नाही, ती मी आधीच घालवली होती, आणि परवानगी खणात का ठेवली त्याचं खरं कारण, त्या रविवारांचं सगळं त्यांना तिथेच सांगितलं. ते ऐकत राहिले. दोन दिवस झाले, जेवायला वाढलं तर जेवतात, विचारलं तर उत्तर देतात. माणूस हक्काने रागावला आहे, रागावू दे.

मला राग नाही आला. रडू येतं, ते कधीही येतं, घडी घालता घालता येतं, चादर ओली होते आणि पुन्हा मशीनमध्ये घालावी लागते. पण राग शोधून सापडत नाही.

शाळेच्या दाखल्यावरचं नाव बदलू नका. राहू दे तसंच.

मला तीन आठवड्यांची रजा मिळते आहे, पुढच्या महिन्यात. मी येते. घेऊन जायला नाही, नुसती येते. तिला आधीपासून काही पढवू नका. आई येणार असं सांगाल तर ती कुठेतरी दडून बसेल आणि तीन आठवडे बाहेर येणार नाही. काकू येणार आहे म्हणून सांगा. काकू येणार म्हटलं की पोरं दारात उभी राहतात, पिशवीत आपल्याला काय आणलंय ते बघायला धावत येतात. तेवढं तिला धावत येताना मला बघू द्या.

ती काकू म्हणाली, की मी ओ देईन.